वडिलांच्या तंबोऱ्याची घोडी

गुलबर्ग्यात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावणारा एक कारागीर होता. तारांखालच्या घोडीचं हाड घासायचा, डोळे मिटून तार ऐकायचा, पुन्हा घासायचा.

हैदराबादेत नवा झणकारता आवाज ऐकून शहाणा झालेला मी वडिलांचा तंबोरा घेऊन गेलो.

"खुला आवाज काढा."

"घरात आनि कोन गातंय?"

"कुणी न्हाई," मी ठोकून दिलं. वडील रोज गायचे.

घरी त्यांनी दोनदा सा लावला. त्या झणकारात त्यांचा थकलेला गळा बुडाला. मी जुना आवाज मागायला कारागिराकडे परत धावलो.

"नवी घोडी बसवतो, अण्णा. पन जुना आवाज तारंनं तीस वर्सं घासून केलता. त्यो मी कुठून आनू?"

नवी घोडी वडिलांनी ऐकली. "छान वाजायलंय," म्हणाले, "आता तूच गात जा."