दाजींचा पाय आणि पियानोचं पेडल

माणसाचा जीव छातीत असतो म्हणतात, पण आमच्या दाजींचा जीव दोन्ही पायांत होता, याबद्दल औरादमध्ये कुणाचं दुमत नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तीस वर्षं त्यांनी नाटकांत आणि लग्नांत पायपेटी वाजवली. पायपेटीत पायांनी हवा भरत राहिलं तरच सूर निघतो. ती सवय इतकी मुरली होती की पेटी समोर असो वा नसो, पाय चालूच. न्हाव्याच्या खुर्चीत ते असे हलत की त्यांची मिशी दर महिन्याला नव्या मापाची होई. बसमध्ये पुढच्या बाकावरचा माणूस वळून विचारी, "कामून लाथा घालायलाव ओ?" दाजी मनापासून माफी मागत आणि पुढचा थांबा यायच्या आत पुन्हा त्याच्या पाठीत ताल धरत.

पुढे नाटकं बंद पडली, पायपेटीचा भाता उंदरांनी कुरतडला. मुलगा पुण्याला कंपनीत लागला आणि आईवडिलांना तिकडेच न्यायचं म्हणून हटून बसला. दाजींना औराद सोडायचं नव्हतं. तेवढ्यात गावात नवी इंग्रजी शाळा निघाली. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "डिजिटल पियानो आलाय, त्याला पेडल तेवढं नाही. तुमच्या पायाला जमेल असं निवडून आणा आणि सोमवारी उद्घाटनाला प्रार्थना वाजवा. जमलं तर संगीत शिक्षक तुम्हीच." मंगळवारी मुलगा न्यायला येणार होता; नाही जमलं, तर त्याच्याबरोबर जावंच लागणार होतं.

शनिवारी आम्ही हैदराबाद गाठलं. दुकानदाराने दोन पेडलं मांडली: एक प्लास्टिकचं, चपटं, दुसरं लांब, पितळी, वजनदार. दाजींनी चप्पल काढली, दोन्हींना नमस्कार केला आणि डोळे मिटून पाऊण तास आळीपाळीने दाबत बसले. "हे पायाखालून पळायलंय," ते प्लास्टिकच्या पेडलाला म्हणाले. पितळी दाबून म्हणाले, "ह्यात हवा भरंना."

"चाचा, हवा नक्को भरना," दुकानदार कळवळला. "ये बस आवाज को पकड़के रखता. दबाए तो लंबा, छोड़े तो बंद."

न हलवता आवाज टिकतो यावर दाजींचा विश्वास बसेना. शिवाय दोन पायांच्या माणसाला एकच पेडल, हा त्यांना चक्क अपमान वाटला. शेवटी तोंड वाकडं करून त्यांनी पितळी घेतलं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम केली आणि सगळं उलटंच झालं. पेडल दाबलं की सूर तुटत, सोडलं की एकमेकांत कालवून जात. दाजी घामाघूम झाले. पेडलच चुकलं, असं मी म्हणालो.

"न्हाई रे, पाय चुकायलाय. म्हातारा झालो मी."

आपल्या पायांना नाव ठेवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. धावत जाऊन मी एसटीडी बूथवरून दुकानदाराला फोन लावला.

"स्विच डालते वख्त पाँव पेडल पे था क्या?" त्याने विचारलं. "फिर पियानो उल्टा समझ गया. पाँव उठाके चालू करो बोलो उनको."

पाय तर पेडलवर असणारच. पायपेटीत आधी हवा, मग सूर. मी परतलो तोवर हॉलला कुलूप लागलं होतं. "येवढंच व्हय?" दुकानदाराचं सांगणं ऐकून दाजी म्हणाले, पण रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी हॉल भरला. अक्का मागे खांबाला टेकून उभी होती. मोठ्या बाईंनी खूण केली. दाजींचा हात स्विचकडे गेला, आणि त्याच्याही आधी पाय पेडलवर.

"दाजी, पाय!" मी कुजबुजलो.

"उचललाय की," ते म्हणाले. पाय खाली मजेत हवा भरत होता.

तीनदा सांगून झालं. शेवटी मी लाज गुंडाळून ठेवली, रांगत पियानोखाली शिरलो आणि त्यांचं पाऊल दोन्ही हातांनी उचलून धरलं. शिष्य गुरूच्या पाया पडतोय असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "टाका स्विच," मी खालून ओरडलो.

प्रार्थना सरळ पार पडली. शेवटच्या सुरावर दाजींनी पेडल दाबून धरलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा तो पाय स्थिर पाहिला. सूर संथपणे विरत गेला. कुणी हललं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून या."

संध्याकाळी दाजी ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "पाय थांबला की आवाज मरतोय, असंच समजून चाललो रे जल्मभर. तुझ्या अक्काजवळ कधी निवांत बसलोबी न्हाई." मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, ये की. बस जरा."

मुलगा मंगळवारी आला आणि दोन दिवस राहून एकटाच परत गेला. आज दाजी नाहीत, त्यांची आठवण फार येते. त्या सोमवारी संध्याकाळी अक्का हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी बसली. काय बोलावं ते मात्र दोघांनाही सुचेना.