तेवीस अंशांची खोली

सकाळी सहाला एकतीस. साडेनऊला तेहतीस. दुपारी दोनला सदतीस, आणि वर वसईची ती दमट हवा, म्हणजे अंगावरची साडी पिळली तर बादली भरेल! मनोरमा धुरी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे अशा रागानं बघायच्या, की जणू त्यानंच मुद्दाम पारा चढवून ठेवलाय. बघायच्या, खोलीबाहेर जायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि पुन्हा येऊन बघायच्या. पारा कुणाच्या बघण्यानं उतरतो का? पण हे बाईंना सांगायचं कुणी!

बिल्डिंग गोखिवऱ्यातली, घर चौथ्या मजल्यावर. या खोलीची खिडकी पश्चिमेला, आणि खिडकीखाली कारखान्यांच्या गाळ्यांचे पत्रेच पत्रे. दुपारचं ऊन त्या पत्र्यांवर आदळायचं आणि तिथून उसळून थेट आत यायचं. खोली खरं तर मुलाची, सिद्धेशची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि चार दिवसांत मनोरमाबाईंनी तिचा ताबा घेतला. रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर, भिंतीला लागून तबकड्यांचं कपाट आणि मधोमध एक वेताची खुर्ची. दुसरी खुर्ची नाही. "ही माझी ऐकायची खोली," त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं. नवरा, म्हणजे शांतारामराव, स्वभावानं नावासारखेच. त्यांनी आपलं वर्तमानपत्र उचललं आणि हॉलमध्ये जाऊन बसले.

बाईंचा हक्कच होता म्हणा. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर. बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून जगाचं ऐकलं. कुणाचा बाप गेला, कुणाचं लग्न मोडलं, कोण साहेब बायकोशी खोटं बोलतोय, सगळं. निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या, "आता मला माझं ऐकू दे बाई."

तबकड्या पुष्कळ, पण जीव एकीवर. सारंगीच्या एका मैफलीची तबकडी होती ती. वादक फार कुणाला माहीत नसलेला, सभागृह कुठलं तेही कव्हरवर लिहिलेलं नाही. तंबोरे लागतात, लोक खोकून गप्प होतात, आणि तेवढ्यात वर छपरात कुठेतरी एक चिमणी चिवचिवते. दोनदाच. वादक क्षणभर थांबतो आणि मग पहिला सूर लावतो. मनोरमाबाईंना त्या सुरापेक्षा ती चिमणी प्यारी. ती बोलली की त्यांना त्या सभागृहात आपण स्वतः बसलोय असं वाटायचं.

आणि जानेवारीत एका सकाळी चिमणी बोललीच नाही.

तंबोरे झाले, खोकले झाले, एकदम सूरच सुरू. बाईंनी सुई उचलून पुन्हा ठेवली. नाही. तबकडी पुसली, सुई बदलली, आवाज वाढवला. खालून वॉचमन वर आला विचारायला, काय झालं म्हणून, इतका वाढवला. पण चिमणी नाही ती नाहीच. शांतारामरावांना बोलावून विचारलं असतं, "अहो, तुम्हाला ऐकू येतेय का?" तर मिनिटभरात निकाल लागला असता. पण त्या निकालाचीच तर धास्ती! विचारायला तोंड उघडायच्या आणि "चहा घेणार का?" एवढंच बाहेर पडायचं.

मग एक दिवस ब्लाऊज शिवायला टाकते सांगून त्या गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर मेघना, मुलीच्या वयाची. तिनं काचेच्या पेटीत बसवून कान तपासले आणि सरळ सांगितलं, "काकू, बारीक, उंच आवाज गेलेत तुमचे. दोन्ही कानांचे. मशीन लावायला हवं. जितका उशीर कराल तितकी सवय व्हायला जड जाईल." बाई तिच्याशी हसून बोलल्या, फी दिली, रिक्षात बसल्या आणि घर येईपर्यंत पदराचं टोक चावत राहिल्या. मशीन! ज्या कानांवर बत्तीस वर्षं पगार घेतला, त्यांना मशीन! घरी कुणाला काही सांगितलं नाही. ब्लाऊजचं काय झालं, तेही कुणी विचारलं नाही.

आता इथे जगभरच्या काही मंडळींची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढची सगळी धावाधाव त्यांच्यापायी. मोबाइलवर घरोघरी तबकड्या ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप होता, आणि बाईही त्यात होत्या. त्यांची एक रीत होती. रविवारी तबकडी लावण्याआधी प्रत्येकानं आपल्या खोलीचं तापमान लिहायचं. फिनलंडचे एक आजोबा अठरा लिहायचे आणि पायातल्या लोकरीच्या मोज्यांचा फोटो टाकायचे. स्कॉटलंडच्या एक विधवा बाई चौदा अंशांत मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन ऐकायच्या, कारण घर तापवायला त्यांना परवडत नव्हतं. कुवेतच्या इंजिनिअरकडे बारा महिने वीस. ब्राझीलची शाळामास्तरीण एकोणतीस लिहून देवाच्या नावानं बोटं मोडायची. मार्चच्या एका रविवारी मनोरमाबाईंनी छत्तीस लिहिलं आणि ग्रुपमध्ये हाहाकार उडाला. फिनलंडच्या आजोबांनी तर विचारलं, "बाई, तुम्ही संगीत ऐकता की भाजून घेता?"

जपानच्या एका गृहस्थांनी मात्र थट्टा केली नाही. त्यांनी लिहिलं, सुईच्या मुळाशी एक इवलंसं रबर असतं. थंडीत ते ताठरतं, उन्हाळ्यात सैल पडतं. सैल पडलं की तबकडीतले अगदी नाजूक आवाज हरवू शकतात. तेवीस अंश सगळ्यात चांगले.

झालं! बाईंनी ते चार वेळा वाचलं. म्हणजे कान नाहीत, रबर! डॉक्टर पोरगी, तिला काय कळतंय सुईतलं! जानेवारीत कुठला उन्हाळा होता, हा साधा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवला. खोली तेवीसवर आणायची, चिमणी परत येते की नाही बघायचं. आली तर कान शाबूत. आणि नाही आली तर... त्या पुढचं वाक्य बाई मनातसुद्धा पुरं करत नव्हत्या.

तिथून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. वाळ्याचे पडदे आणले, दिवसातून आठ वेळा त्यांवर पाणी मारलं. खिडकीच्या काचांना थर्माकोल चिकटवला. नायगावच्या मासळीबाजारातून बर्फाची लादी रिक्षात घालून आणली. रिक्षावाला "सीट भिजली" म्हणून वाटभर भांडला. लादी टबात ठेवून खोली बंद केली, तर पारा दोन अंश खाली आला, पण तबकड्यांच्या कव्हरांना चार दिवसांत बुरशी धरली. मग पहाटे पाचला ऐकून पाहिलं. तीस अंश! आणि चिमणी नाही.

"एसी लावू या ना, मनू," शांतारामराव मार्चपासून म्हणत होते.

"आणि त्याची घरघर? नाजूक आवाज तो खाऊन टाकेल. डोकं आहे का तुम्हाला?"

घरात नियमच झाला. तबकडी लागली की मिक्सर नाही, नळ नाही, पंखा नाही. खोलीतला नाही आणि हॉलमधलाही नाही. बाई आत दार लावून घामानं निथळत, डोळे मिटून बसायच्या. सारंगी सुरू झाली की ताडकन उठायच्या, सुई मागे घ्यायच्या, पुन्हा बसायच्या. वीस-वीस वेळा. घामोळ्यांनी पाठ लाल झाली. जेवणावरचं लक्ष उडालं. फोनवर सिद्धेश म्हणाला, "आई, तुझी चिडचिड किती वाढलीय गं," तर त्याच्यावरच खेकसल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुई मागे घ्यायला उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्चीसकट खाली. आवाजानं शांतारामराव धावत आले, तोंडावर पाणी मारलं, उचलून हॉलमध्ये निजवलं. आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, "बस्स झालं आता! उद्या एसी लागणार. तुला पटो न पटो!"

पापडी गावचा मर्विन आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, अर्ध्या वसईचे एसी त्याच्या हातचे. मनोरमाबाईंनी त्याला दारातच गाठलं. "हे बघा, मला अजिबात आवाज चालणार नाही. जरा जरी घरघरला तरी काढून घेऊन जायचा."

"टेन्शन घेऊ नका आंटी," मर्विन म्हणाला, "नवीन पीस आहे. लावलाय हेच विसरून जाल."

रविवारी सकाळपासून भिंतीला भोक पाडणं, पाइप बसवणं चाललं. बाई दारात उभ्या. आत जात होत्या, बाहेर येत होत्या, मर्विनला चहा देऊन तो संपायच्या आधी कप मागत होत्या. साडेबाराला त्यानं बटण दाबलं. बाईंनी डोळे मिटले आणि श्वास रोखला.

गार हवेची झुळूक तोंडावर आली. बाईंनी कान दिला. एवढीशी सळसळ. बस्स, तेवढीच. एवढा आवाज तर त्यांच्या पदराचाही व्हायचा!

"अगं बाई!" त्या हसायलाच लागल्या. कित्येक महिन्यांनी हसत होत्या. "अहो, आवाजच नाही हो याला! उगाच मी इतके दिवस घाबरले. मर्विन, शाब्बास, जेवूनच जा आता!" आणि लगबगीनं कपाटातून ती तबकडी काढायला वळल्या.

तबकडी हातात घेऊन फिरल्या, तर मर्विन स्टुलावर तसाच उभा. हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळाला आठ्या. तो शांतारामरावांकडे बघत होता. शांतारामराव त्याला मानेनंच नको, नको म्हणत होते. पण बिचाऱ्याला त्याचा अर्थ लागला नाही.

"मस्करी करता काय आंटी?" तो म्हणाला. "केवढी शिट्टी मारतोय! कानात घुसतेय नुसती. आणताना आपटला असेल, आतला पंखा घासतोय. खोलावा लागेल."

"कसली शिट्टी?" बाई म्हणाल्या.

बाईंनी तबकडी खुर्चीवर ठेवली. स्टुलावरून मर्विनला उतरवलं, स्वतः चढल्या, त्या पांढऱ्या जाळीला आधी डावा कान लावला, मग उजवा. गार वारा कानात शिरत होता. पुन्हा डावा लावला. मर्विनला काय समजायचं ते समजलं असावं. "पाणी पिऊन येतो," म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

"वाजतेय?" बाईंनी स्टुलावरूनच विचारलं.

"हो."

"मोठ्यानं?"

"बऱ्यापैकी," शांतारामराव म्हणाले आणि हात पुढे केला. त्यांचा हात धरून बाई उतरल्या. तबकडी लावायची आता गरजच नव्हती. बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या तोंडावर धक्का नव्हता, आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. कुकर चार-चार शिट्ट्या द्यायचा आणि तू शेजारी उभी राहून भाजी चिरत असायचीस. आधी वाटलं, विसरतेस. मग गॅस मीच बंद करायला लागलो."

"मला वाटलं, तुम्हाला स्वयंपाकाची आवड लागली!" बाईंचा आवाज फाटला. "तोंड नव्हतं तुम्हाला? सांगता येत नव्हतं?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो, मनू. तुझे कान. मी आधी कसं बोलू?"

बाई खोलीत येरझाऱ्या घालायला लागल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. राग कुणावर काढावा तेच कळेना. "दोन महिने! दोन महिने मी या भट्टीत बसले! पंखा लावला असता तरी मला काय फरक पडणार होता? आणि तुम्ही? तुम्ही बाहेर बनियनवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचात. तुम्हाला माहीत होतं ना सगळं? दार बंद, मी आत बहिरी. गुपचूप लावायचा होतात हॉलमधला पंखा! मला कळलंसुद्धा नसतं!"

"कळलं नसतं म्हणूनच नाही लावला," शांतारामराव म्हणाले.

बाई थांबल्या. सकाळपासून, नव्हे, जानेवारीपासून पहिल्यांदाच एका जागी उभ्या राहिल्या, आणि मग तोंडाला पदर लावून खूप वेळ रडल्या. शांतारामराव नुसते शेजारी उभे होते. स्वयंपाकघरात मर्विन तिसरा ग्लास पाणी पीत होता.

शेवटी डोळे पुसून त्यांनी त्याला हाक मारली. "ये रे बाबा, खोल ते मशीन. शिट्टीचा ह्यांना त्रास होतो." मग नवऱ्याकडे वळल्या. "उद्या मला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही बरोबर चला. ती पोरगी बोलते भराभरा. नीट ऐकून घ्यायला कुणीतरी हवं."