कापसातला खळगा

सशाला काही दुखलं-खुपलं तर तो ते लपवतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात पशुपालनाची चार-पाच पुस्तकं होती. त्यांतल्या एकात सशांवर एक प्रकरण होतं, तेही मांसासाठी ससे पाळणाऱ्यांसाठी लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं आणि आता आपल्याला ससा कळला असं समजून पुस्तक परत केलं. बहुतेक गोष्टी मला अशाच कळत आल्या आहेत.

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात मी शिक्षक होतो. आईवडील नव्हते, लग्न मी केलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून धाकटी बहीण सातव्या महिन्यात धामणगावहून माझ्याकडे आली. माहेर म्हणजे मी एकटा. आईनं करायचं ते सगळं शेजारच्या खालानं अंगावर घेतलं. खालाचा नवरा कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि खाला त्या शिवायची. बहिणीच्याच एका जुन्या साडीचं, आत नव्या कापसाचा पातळ थर घातलेलं एक दुपटं तिनं शिवून ठेवलं होतं.

बाळ जन्मलं ते रडलंच नाही. बहीण शुद्धीवर यायच्या आत मी आणि गावातले दोघे जण त्याला पुरून आलो. ती दवाखान्यातून घरी यायच्या आत मी घरही आवरलं. पाळणा ज्यांचा होता त्यांना परत केला. टोपडी आणि लंगोट बोचक्यात बांधून देऊन टाकले. दुपटं खालाकडे नेलं.

"उसवून टाका," मी म्हणालो. "कापूस कुठंतरी वापरा. तिनं विचारलंच, तर उसवलं म्हणून सांगा."

खालानं दुपट्याची घडी करून ते काखेत धरलं. "घर तुमचं, मास्तर," ती म्हणाली, "आमी शेजारी."

बहिणीनं घरात आल्यावर पहिल्यांदा आढ्याकडे पाहिलं. पाळण्याच्या दोरीची कडी तेवढी तिथं उरली होती.  गावानं मला समजदार भाऊ म्हटलं, आणि मला ते खरं वाटलं.

सव्वा महिना झाला, दोन झाले. सासरहून निरोप येऊ लागले. बहीण जायचं नाव काढत नव्हती, जेवत नव्हती, बोलत नव्हती. उत्तरपत्रिका जमा करायला मी अकोल्याला गेलो होतो, तिथं बाजारात पोपटांच्या पिंजऱ्यांशेजारी ससे दिसले. विकणारा म्हणाला, "जोडी घ्या भाऊ. एकटा बिघडते." मी एकच घेतला. मला ससा नको होता, बहिणीनं बोलायला हवं होतं. घरी आल्यावर खालानं उलटा करून पाहिला आणि मादी आहे म्हणाली. बहीण तिला सशी म्हणू लागली.

त्या वर्षी आमच्या मधल्या खोलीत कापूस भरलेला होता. वावर बटाईनं दिलेलं, वाट्याचा कापूस घरी आलेला आणि भाव पडलेला. गावात घरोघरी तेच. भाव चढेल म्हणून लोक कापसासोबत झोपत होते आणि अंग खाजवत होते. सशीची जागा त्याच खोलीत, ढिगाच्या पायथ्याशी केली. तिच्याखाली मी रोजचं वर्तमानपत्र अंथरायचो. आमच्या भागातल्या कुठल्या गावात आज कुणा शेतकऱ्यानं जीव दिला, ते पहिल्या पानावर यायचं. ते पान मी न वाचता आधी अंथरायचो.

बहीण त्या खोलीत बसू लागली. सशी तिच्या पावलांवर हनुवटी घासायची, मग पाय लांब करून तिच्याजवळ पसरायची. बहीण दुपारभर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायची. हळूहळू ती सशीशी बोलू लागली, मग खालाशी, मग थोडं माझ्याशीही. एके दिवशी भाकरीसोबत ठेचा मागून घेतला. मी मनात म्हटलं, जमलं.

मग माघ संपता संपता सशी बदलली. जवळ गेलं की मागच्या पायानं जमिनीवर धप्प आपटायची. मी पाणी ठेवायला हात घातला तर गुरगुरली आणि बोटाला चावली. तोंडात मावेल तेवढं वाळलं गवत आडवं धरून ती खोलीभर हिंडायची. ढिगात तिनं एक खळगा उकरला, त्यात ते गवत नेऊन टाकलं, आणि एका सकाळी पाहतो तर गळ्याखालचे स्वतःचे केस तोंडानं उपटून तिनं खळगाभर अंथरले होते.

"येडी झाली का वो हे?" मी खालाला विचारलं.

"येडी कायची? बाळंतपणाची तयारी करून राहिली ते," खाला म्हणाली. "इतकी पुस्तकं वाचता मास्तर, आन् हे नाई समजत?"

"पण नर कुठं आहे?"

"नराचं काय घेऊन बसले? तिच्या मनात पिल्लं हाये नं!"

बहीण हसली. त्या घरात इतक्या दिवसांनी ऐकू आलेलं ते हसू मला पुरलं असतं. पण मी ग्रंथालयातून ते पुस्तक पुन्हा आणलं. त्यात होतं: मादीला कधीकधी खोटा गर्भ राहतो. दुसऱ्या मादीच्या अंगचटीनं, नुसत्या हाताच्या स्पर्शानंसुद्धा. मी ते बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, "तू दिवसभर पाठीवर हात फिरवतेस, त्यानं झालं हे."

तिनं हात मागे घेतला. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सासूनं तिला विचारलं होतं, काय उचललं तू, कुठं गेली होती तू. ते मी ऐकलं होतं. तरीही मी ते वाक्य बोललो.

दुसऱ्या दिवसापासून मी तो खळगा मोडू लागलो. रोज सकाळी केस आणि गवत झाडून काढायचं, कापूस सारखा करायचा. समोर काही उरलं नाही की ती विसरेल, असा माझा हिशोब. पुस्तकात तसं नव्हतं, ते मी माझ्या मनानं ठरवलं होतं. सशी संध्याकाळपर्यंत पुन्हा उकरायची, पुन्हा उपटायची. पाचव्या दिवशी तिच्या गळ्याखाली लाल कातडं दिसू लागलं. ती खायची थांबली.

खालानं माझ्या हातातला झाडू धरला. "राहू द्या नं मास्तर. तुमी झाडता म्हनून ते उपटते. तिचं तिले राहू द्या, आठ-दहा दिवसांत सोताच सोडते. मांजरीचं पिल्लू मेलं तरी ते चार दिवस तोंडात धरून फिरते, तिच्या मांगं झाडू घेऊन कोनी धावते का?"

बहीण उंबऱ्यात उभी होती. सासरहून नुकतंच पत्र आलं होतं, पाडव्याला न्यायला येतो म्हणून. ती म्हणाली, "दादा, तिले तिच्या मनानं सोडू दे. तिनं सोडलं का मंग मीबी जाईन. तवरिक हात नको लावू. लावशीन?"

"नाही लावत," मी म्हणालो.

मी पाळलं, तीन दिवस. सशी शांत झाली. खळग्यात बसायची, बाहेर येऊन दोन पानं खायची, परत जायची. बहीण दारातूनच बघायची, आत जायची नाही, हात लावायची नाही. तिची दुपारची झोप परत आली होती.

चौथ्या दिवशी भाव थोडा हलला आणि व्यापाऱ्याची गाडी दारात आली. बहीण खालाकडे गेली होती. माणसं कापसात घुसली आणि दोन्ही हातांनी भरू लागली. एक जण म्हणाला, "गुरुजी, इथं सशानं घर केलं हाये. ठेवाचं का?" बाकीचे हसले.

एक कोपरा राहू द्या, इतकंच म्हणायचं होतं. ओंजळ-दोन ओंजळींचा कोपरा. पण सशाचं घर वाचवणारा मास्तर, म्हणून गावभर होईल, या लाजेनं मी म्हणालो, "घ्या सगळा."

संध्याकाळी बहीण आली तेव्हा खोली रिकामी होती. शेणानं सारवलेल्या जमिनीवर सशी तोंडात गवत धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होती आणि ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. बहिणीनं ते पाहिलं. तिनं आवाज चढवला नाही.

"तुह्या घरात काही ठेवताच येत नाही, दादा," ती म्हणाली. "तू सारं झाडून घेतं."

पाडव्याची वाट न पाहता ती तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सासरी गेली. सशीला मागे ठेवून गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळंतपणात ती गेली, बाळासकट. दुसरं बाळंतपण सासरी झालं, तो रिवाजच आहे. ती माझ्याकडे आलीही नसती.

मी धामणगावला पोचलो तोवर उशीर झाला होता. तिची एखादी साडी, एखादी वही मिळेल का, असं मी विचारलं. तिची सासू म्हणाली, "सारं देऊन टाकलं जी. समोर दिसलं का पोराले तरास होते."  ते वाक्य माझंच होतं.

परत आलो त्या महिन्यात सशीनं माझ्या बाजेखाली पुन्हा खळगा केला, माझ्या फाटक्या गादीतून कापूस ओढून. मी त्या खोलीत झाडू नेला नाही. नवव्या दिवशी ती उठली, बाहेर आली, पोटभर खाल्लं आणि पाय लांब करून पसरली. खालानं सांगितलं होतं तसंच. काही करायचं नव्हतं, हेच करायचं होतं.

खाला दारात आली. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते बाजेवर ठेवून उलगडलं. बहिणीच्या साडीचं दुपटं होतं, एक टाकाही उसवलेला नव्हता.

"तिनं कधी विचारलं होतं?" मी म्हणालो.

"दोन डाव. दवाखान्यातून आली तवा. आन् जायच्या दिवशी सकाळी." खाला दुपट्याची कड सरळ करत राहिली. "तुमी सांगतलं होतं तसंच सांगतलं म्या. उसवलं म्हनलं."

"द्यायचं होतं ना, खाला. माझं कशाला ऐकलं?"

"तुमी मास्तर," ती म्हणाली. "आमाले वाटलं, तुमाले समजत असन."