वर्लिन स्टिडमचा बसलेला घसा

वर्लिन स्टिडमला गाण्याने बरं करायचं, असं सरकारने ठरवलं. आधी याच सरकारच्या डोळ्यांदेखत डॉक्टरांनी त्याला अफूच्या वेदनाशामक गोळ्या चारचारून वाया घालवला होता, तेव्हा एवढी परतफेड न्यायाचीच म्हणायची. जागाही तीच निवडली. पूर्व केंटकीतल्या त्या डोंगरगावात जिथे पूर्वी पाठदुखीचा दवाखाना होता, तिथेच आता व्यसनमुक्ती केंद्र थाटलं होतं. खुर्च्यासुद्धा बदलल्या नव्हत्या. खाणीचं छत अंगावर येऊन वर्लिनची पाठ गेली, तेव्हा गोळ्यांच्या चिठ्ठीची वाट बघत तो ज्या खुर्चीत बसायचा, त्याच खुर्चीत आता मांडीवर ढोल घेऊन बसायचा.

संगीताचे उपचार करायला मिस अ‍ॅनिका मिनेसोटाहून आल्या होत्या. वय कोवळं आणि उत्साह उतू जाणारा. "ढोल वाजवा, मनातलं बाहेर येऊ द्या," म्हणायच्या. मनातलं बाहेर येऊ नये म्हणून ज्यांनी घरदार, नोकरी, दात सगळं घालवलं होतं, ती माणसं मुकाट्याने ढोल बडवायची. शेवटी बाई विचारायच्या, "आत्ता कसं वाटतंय? एक ते दहामध्ये सांगा." सगळे सात सांगायचे. सात म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, हा शोध मंडळींना पहिल्याच आठवड्यात लागला होता.

मग कुणीतरी बाईंच्या कानावर घातलं की हा वर्लिन चर्चमध्ये गाणं द्यायचा. त्या डोंगरातल्या जुन्या बाप्टिस्टांच्या चर्चमध्ये वाद्याला थारा नाही. पुढे उभा असलेला माणूस एक ओळ भराभर म्हणून देतो आणि सगळी मंडळी तीच ओळ लांबवत, हेलकावे देत गातात. वर्लिनसारखी ओळ देणारा त्या खोऱ्यात दुसरा नव्हता. बाईंना हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक भजन गिटारवर बसवून आणलं आणि झोकात म्हणून दाखवलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. बाईंनी याला उपचारांना होणारा विरोध असं नाव दिलं.

"मग तुम्हीच द्या ना गाणं, मिस्टर स्टिडम."

"घसा बसलाय, बाई."

"तुम्ही आल्यापासून बसलेलाच आहे."

"जुना घसा आहे."

"त्याला चर्चने काढून टाकलंय, बाई," बाजूचा डॉयल म्हणाला. तो वर्लिनबरोबर खाणीत होता आणि गोळ्यांतही. "काढलेल्या माणसाने ओळ द्यायची नसते."

"तू गप रे. तुला तर कुणी आतही घेतलं नव्हतं."

बाई हसल्या नाहीत. "शुक्रवारी मला न्यायाधीशांना सांगायचंय, तुम्ही भाग घेता की नाही. नाही म्हटलं, तर तुमची उरलेली शिक्षा तुरुंगात. मला खोटं बोलता येत नाही."

ही शिक्षा शेजारणीच्या कपाटातल्या गोळ्या उचलल्याबद्दल होती. म्हातारीची विचारपूस करायला म्हणून गेला होता बिचारा.

जेवणाला घेवडे आणि मक्याचा पाव होता. डॉयलने विषय काढला. "आत गेलास, तर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी तुझ्या तळहातावर गोळी ठेवेल."

"ठेवेल."

"आणि तू घेशील."

"घेईन."

"आणि या खेपेला मरशील, गाढवा. मग गा ना एकदाचं. काय जातंय तुझं?"

काय जात होतं, ते वर्लिनलाच ठाऊक होतं. त्याची बायको डेल्फिया कर्करोगाने गेली, तेव्हा तिच्या कबरीशी त्यानेच ओळ दिली होती. आवाज कापला नाही, डोळा ओलावला नाही. धर्मोपदेशक गर्दीला म्हणाले, "बघा, याला म्हणतात श्रद्धा." बायाबापड्यांनी त्याला मिठ्या मारल्या. अख्ख्या खोऱ्यात त्याच्या श्रद्धेचा गवगवा झाला. ती श्रद्धा म्हणजे सकाळी कॉफीबरोबर घेतलेल्या दोन गोळ्या आणि दफनाआधी गाडीत आणखी एक. बायकोवर माती पडत होती आणि तो जेवायला कोंबडी असेल का, याचा विचार करत होता. त्यानंतर गोळीवाचून ते गाणं त्याने कधी तोंडात येऊ दिलं नव्हतं. आता गोळी नव्हती.

शुक्रवारी बाई गिटार घेऊन आल्या.

"ते खाली ठेवा, बाई," वर्लिन म्हणाला.

तो उभा राहिला. त्याच गाण्याची पहिली ओळ दिली. आवाज गंजलेला होता, पण जागेवर होता. डॉयलने ओळ उचलली, मग सगळ्यांनी. चर्चला पाठ दाखवून जमाना झालेली ती माणसं लहानपणच्या सवयीने हेलकावे घेऊ लागली. दुसरी ओळ झाली. तिसरी देताना वर्लिनला कबरीवरचा चिखल दिसला, ओला, लालसर. डेल्फियाचे पाय नेहमी गार असायचे, हे त्याला आठवलं. ओळ अर्ध्यावर तुटली. उरलेली इतरांनी पुरी केली आणि तो खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला.

खोली शांत झाल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "कसं वाटतंय, मिस्टर स्टिडम? एक ते दहामध्ये?"

"माझी बायको गेली, बाई."

"अरे देवा. कधी?"

"आत्ता."

बाईंना काही उमगेना. डॉयल उठला, वर्लिनसमोर आला आणि त्याने हात पुढे केला. त्या खोऱ्यात मयताच्या घरच्या माणसाला भेटायची हीच रीत. त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, मग तिसरा. एकेक जण हात हातात घ्यायचा, पुढे सरकायचा. हे बाईंच्या शिक्षणात कुठेच आलेलं नव्हतं. त्यांनी क्षणभर आजूबाजूला पाहिलं आणि त्या जाऊन रांगेत शेवटी उभ्या राहिल्या.