उलटा टी-शर्ट

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्या तोंडाच्या जोरावरच मुरबाड-शहापूरकडच्या लोकांना मी ठाऊक आहे. चौदा वर्षं झाली, टेनिस बॉलच्या मॅचला मी कॉमेंट्री करतो. एरवी धसईच्या बाजारात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. पण भात झोडून शेतं मोकळी झाली, त्यातलं एखादं दाबून पिच तयार झालं, की रविवारी दुकान बायकोवर सोडून मी माइक धरतो. दुकानाच्या पाटीवर ज्ञानेश्वर असं नाव आहे, मैदानात सगळे ज्ञानूदादा म्हणतात. हे स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. मला कमळूबद्दल सांगायचं आहे, आणि त्याची गोष्ट सांगायची तर माझं तोंड मध्ये येणारच.

कमळू सिद्धगडाच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतला. वय सव्वीस-सत्तावीस. बारीक अंग, लांब हात, आणि बोलणं इतकं कमी की काही लोक त्याला मुकाच समजायचे. डावखुरा. दिवाळीनंतर बायकोला, बाईजाला घेऊन तो कल्याणकडे वीटभट्टीवर जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. बॉल टाकायला तो भट्टीवरच शिकला, दुपारच्या सुट्टीत. मॅच असली की पहाटे निघून दोन एसट्या बदलून यायचा, आणि मॅच संपली की बक्षीस समारंभाला न थांबता परत जायचा.

आमच्याकडच्या मॅचना 'एक गाव, एक संघ' असा नियम असतो. आधार कार्डावरचा पत्ता बघतात. आमच्या गावच्या टीमचा कॅप्टन रितेश बोलरच्या शोधात होता, तेव्हा कोणीतरी त्याला वाडीवरच्या या डावखुऱ्याचं सांगितलं. वाडीचा पत्ता गावातच लागतो. एरवी मतदानापुरती आठवणारी वाडी त्या वर्षी गावाला पहिल्यांदा आपली वाटली.

धसईच्या पहिल्याच मॅचला कमळूनं एका ओव्हरमध्ये तिघांच्या दांड्या उडवल्या. मी नुसता पेटलो होतो. तोंडातून निघून गेलं, "उंदीर बिळात कितीही खोल जाऊ दे, कातकऱ्याचा हात पोचतोच!"

कातकरी बिळातले उंदीर धरून खातात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. बांधांवर बसलेले लोक पोट धरून हसले. कमळूनं खाली बघून हसल्यासारखं केलं. मी ते हसणं पाहिलं आणि धरून चाललो, की त्याला आवडलं. पाचशे माणसं हसत असताना मधोमध उभ्या असलेल्या एकट्या माणसानं दुसरं काय करायचं असतं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. टाळी मिळाली होती ना.

मग काय, मी सुटलोच. दर मॅचला त्याच्या हातात बॉल आला, की माइकवर नवा उंदीर. 'उंदीरमार' हे नाव मीच पाडलं. लोक विकेट पडली की "चूं चूं" करायला लागले. पुढच्या वर्षी तो धावत यायला लागला की करायला लागले. मग सीमारेषेवर फिल्डिंगला उभा असतानाही. मग नुसतं चूं चूं राहिलं नाही. "ए कातकऱ्या, आज काय खाऊन आलास रे?" "बिळात जा!" एकदा त्याच्या हातून कॅच सुटला, तेव्हा आमच्याच गावची माणसं ओरडली, "भट्टीवर पाठवा रे याला!" विकेट काढली तरी उंदीर आणि नाही काढली तरी उंदीर.

मला ऐकू येत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात बाईजा धसईच्या बाजारात माझ्या दुकानासमोर रानभाजी आणि खेकडे घेऊन बसायची. पोरं जाता जाता तिच्या तोंडावर चूं चूं करायची. ती टोपलीवर पदर ओढून घ्यायची आणि मान खाली घालायची. मी बियाणं वजन करत राहायचो. त्या पोरांना हा आवाज कोणी शिकवला, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी काट्याकडे बघत राहायचो. त्याची आज मला लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी टीमचे नवे टी-शर्ट आले. पाठीवर प्रत्येकाचं नाव. मुरबाडचा छापणारा माझ्या ओळखीचा, म्हणून नावांची यादी मीच दिली. रितेश, प्रणय, स्वरूप... आणि कमळूच्या जागी मी 'उंदीरमार' लिहिलं. लाडानं लिहिलं, असं तेव्हा मी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं. कमळू आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं एकेक अक्षर लावून ते वाचलं, टी-शर्टची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला.

पुढच्या मॅचला तो टी-शर्ट उलटा घालून आला. शिवण बाहेर, अक्षरं आत. मी माइकवर म्हणालो, "कमळूशेठ इतक्या घाईत आलेत, की टी-शर्ट उलटा घातलाय! भट्टीवर आरसा नाय वाटतं!" परत हशा. त्याच्या पुढच्या मॅचलाही उलटाच, आणि मग सगळा हंगाम उलटाच. रितेशनं दोनदा हटकलं, "सरळ घाल रे, टीमची शोभा जाते." कमळू "हं" म्हणाला आणि तसाच खेळला. तीन वर्षांत त्या माणसानं आम्हाला एवढी एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती आम्ही त्याच्या बावळटपणात जमा केली.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत सापगावजवळ मोठी स्पर्धा होती. प्रेक्षक चारी बाजूंचे, मोबाइलवर लाइव्ह चालू, फायनलमध्ये आमचं गाव. शेवटच्या ओव्हरला समोरच्या टीमला नऊ रन हवे होते आणि ओव्हर कमळूची होती. त्याआधीच्या ओव्हरला तो सीमारेषेवर उभा होता. मागून कोणीतरी सुतळीला बांधलेला मेलेला उंदीर भिरकावला. तो त्याच्या मानेवर आपटून खाली पडला. मागच्या घोळक्यानं सुरात चूं चूं सुरू केलं.

कमळूनं तो उंदीर सुतळीला धरून उचलला, बाजूला ठेवला आणि अंपायरकडे गेला. अंपायर म्हणाला, "ओव्हर टाक आधी, मग बघू." रितेश म्हणाला, "अरे मनावर नको घेऊ. विकेट काढ, तेच उत्तर." चार वर्षं तो विकेट काढूनच उत्तर देत होता. एकानं तरी ऐकलं होतं का?

मग तो चालत माझ्या टेबलापाशी आला.

"दादा, मॅच थांबवा," तो म्हणाला. "ते गप झाले का मी टाकतो."

"मी कसा थांबवू रे? मी कॉमेंट्रीवाला."

"तुमचा ऐकतात. तुमीच शिकवलाय त्यांना."

त्या दिवशी मॅच दोनदा थांबली होती. एकदा मैदानात गाय आली म्हणून, आणि एकदा पाहुण्यांच्या सत्कारासाठी चांगली वीस मिनिटं. दोन्ही वेळा माइकवर मीच थांबवली होती. पण शेजारी बसलेला आयोजक माझ्या कानाला लागला, "लाइव्ह चालू आहे दादा, विषय वाढवू नका." मी माइक उचलला आणि म्हणालो, "प्रेक्षकांनी खेळाडूंना सहकार्य करावं, ही नम्र विनंती." रस्त्यातल्या मोटारसायकली बाजूला घ्यायला सांगतो, त्याच आवाजात.

चूं चूं दुप्पट झालं.

कमळूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानं अंगातला टी-शर्ट काढला, बाह्या ओढून सरळ केला, 'उंदीरमार' वर येईल अशी घडी घातली आणि माझ्या स्कोअरच्या वहीवर ठेवली. उघड्या अंगानं तो मैदानातून चालत गेला. रस्त्याला लागेपर्यंत तो आवाज त्याच्या पाठीमागे होता.

शेवटची ओव्हर प्रणयनं टाकली आणि आम्ही हरलो. परतीच्या टेंपोत उंदराचं कोणी नाव काढलं नाही. सगळे एकच बोलत होते, कमळूनं ऐन वेळी दगा दिला. उतरताना रितेशनं मला बाजूला घेतलं. "दादा, तो केस तर नाय ना करणार?" त्याला काळजी होती ती एवढीच.

घरी माझी मुलगी भाग्यश्री मोबाइलवर जुन्या मॅचची रेकॉर्डिंग बघत बसली. ती कॉलेजात आहे, आणि तोंडाच्या बाबतीत माझ्यावरच गेली आहे. "पप्पा," ती म्हणाली, "लोक कुठून शिकले ते मी बघत होते. सगळ्यात आधी तुमीच बोललाय." मी जेवत होतो. ताट बाजूला सारलं.

महिन्याभरानं मी नवा टी-शर्ट छापून घेतला. छापणाऱ्यानं आडनाव विचारलं, आणि ते मला ठाऊकच नव्हतं. चार वर्षं वहीत मी नुसतं 'कमळू' लिहीत होतो. रितेशकडून आधार कार्डाची प्रत मागवली तेव्हा कळलं, हिलम. तो टी-शर्ट घेऊन मी भट्टीवर गेलो. कमळू चिखलात मांडीपर्यंत उभा होता. बाईजानं हात पुसून टी-शर्ट उलगडला आणि अक्षरांकडे बघत राहिली.

"यांचा नावय ना ह्यो?" ती म्हणाली. "मंग चार वर्सां कुठं होता?"

मी माफी मागायला लागलो. कमळूनं हात वर करून मला थांबवलं.

"इथं नका सांगू, दादा. इथं मला कोन हसला नाय. जिथं बोललाव तिथं बोला. मॅच थांबवा नि बोला."

टी-शर्ट त्यानं घेतला नाही. मी परत आणला.

एप्रिलमध्ये धसईला जत्रेची मॅच होती. तेच मैदान. कमळू नव्हता, तो परत खेळलाच नाही. दुसऱ्या डावाची तिसरी ओव्हर संपली तेव्हा मी अंपायरला हात केला आणि माइकवर म्हणालो, "मॅच थांबवा जरा." लोकांना वाटलं, बक्षीस जाहीर होतंय.

"चार वर्षांपूर्वी याच मैदानात," मी म्हणालो, "कमळू हिलम या खेळाडूला उंदरावरून पहिल्यांदा मी बोललो. तो विनोद नव्हता. मी त्याच्या जातीची थट्टा केली, आणि तुम्ही ती माझ्याकडून शिकलात. मी त्याची माफी मागतो. यापुढे कोणी खेळाडूला जातीवरून बोललं, तर बोलणारा उठून जाईपर्यंत मॅच चालू होणार नाही."

मग पलीकडच्या बांधावरून एकजण म्हणाला, "चूं." मग दुसरा. मग सगळा बांध. या वेळी ते माझ्यासाठी होतं.

"मॅच चालू होणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. आयोजकांतले दोघं आले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्यानं माइक काढून घेतला. "ज्ञानूदादा, ऊन लागलंय तुम्हाला. बसा जरा." माइक दुसऱ्या कोणाला तरी दिला. अंपायरनं हात खाली केला, बोलर धावला.

मी खुर्चीत बसून राहिलो. चूं चूं चालूच होतं. शेवटी डोळ्यांत पाणी आलं. पिशवी उचलून मी बाहेर पडलो तेव्हा पाचवी ओव्हर संपत होती. म्हणजे मी दोन ओव्हर काढल्या. कमळूनं चार वर्षं काढली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी भट्टीवर गेलो. कमळू विटा पाडत बसला होता.

"बोललो रे," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर बोललो. माइकवर. तुझं पूर्ण नाव घेतलं."

तो हातातला चिखल मळत राहिला. मग त्यानं वर पाहिलं.

"मॅच थांबवली त्यांनी?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. तोंड माझं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते बोललंही असतं.

"नाय," मी म्हणालो.

कमळूनं मान हलवली, चिखलाचा गोळा साच्यात आपटला आणि वरून हातानं सारखा केला.