एक नुक्ता जास्त

धारूरच्या सखाबा चिताऱ्यानं पाटलाच्या घरी लग्नात दाराच्या दोन्ही अंगांना चोपदार काढले, तेही चक्क झोपलेले. पाटील भडकला. सखाबा कुंचला धुता धुता म्हणाला, "जागे काढले आसते मालक, पण मंग ह्ये तुमच्या दारचे वाटले नसते." मांडव हसला, मग पाटलालाही हसावं लागलं.

त्याची रीतच ती. कुणाचं नाव घ्यायचा नाही. हत्ती काढायचा आणि त्याच्या गळ्यात सरकारी चपराशाचा बिल्ला अडकवायचा. चपराशी भांडायला आला की म्हणायचा, "हत्ती हाय त्यो. तुमाला कावून झोंबलं?"

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. राज्य निजामाचं, कारभार उर्दूतून. माझं उर्दू अक्षर वळणदार, आणि त्याचा मला कोण ताठा! एकदा थोरल्या साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या तालुकदारांचा दौरा ठरला. दौरा म्हटला की गावाच्या गाड्या, कोंबड्या, दूध, कडबा, सगळं वेठीला. वर तहसीलदारांचा हुकूम, वेशीत कमान हवी. मी मजकूर लिहून दिला: 'हुजुरांचं येणं ही रहमत', म्हणजे कृपा. सखाबाला वाचता येत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक, म्हणून त्यानं माझ्या कागदावरून नुसतं उतरवायचं. तेही फुकटच.

उतरवलं हुबेहूब. फक्त 'रहमत'च्या पहिल्या अक्षरावर एक नुक्ता, एवढासा ठिपका, जास्त पडला. उर्दूत तेवढ्यानं रहमतीची जहमत होते, आणि जहमत म्हणजे पीडा. तालुकदार कमानीखाली थांबले, वर बघून मिशीत हसले आणि पुढे गेले. आमचे तहसीलदार मात्र चुन्यासारखे पांढरे पडले.

दुसऱ्या दिवशी सखाबाला बोलावणं आलं.

"मुद्दाम केलंस?" तहसीलदारांनी विचारलं.

"न्हाई साब. वल्या रंगावर माशी बसली आसंल. माशीला कुठं वाचता येतंय?"

"आणि तुला?"

"मी बी माशीच्याच शाळंतला."

तहसीलदारांनी मला उर्दूत चिठ्ठी लिहायला लावली: 'ही आणणाऱ्यास दहा बेंत मारावे.' मी ती सखाबाच्या हातात दिली. समोरच्या ठाण्यात जमादाराला नेऊन दे, असं त्याला सांगितलं. तो बाहेर पडताच तहसीलदार मला म्हणाले, "वाचता येत असेल तर वाटेतूनच पळेल. पळाला की मुद्दाम केलं हे सिद्ध झालं, मग तुरुंग. नाही पळाला तर अडाणी, दहा बेंतांत सुटला."

मी खिडकीत उभा. बाबा रे, पळू नकोस, एवढंच मनात. सखाबा त्या चिठ्ठीनं वारा घेत, रमतगमत आवार ओलांडून ठाण्यात शिरला. दहाही बेंत मला ऐकू आले. "निव्वळ अडाणी," तहसीलदार समाधानानं म्हणाले. मलाही हायसं वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते.

वर्षभरानं माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा सखाबानं सीताफळं पुढ्यात ठेवली. मनात सलत होतं ते बोलून टाकलं. "सखाबा, ती चिठ्ठी मीच लिहिली होती. आत काय आहे ते ठाऊक असून तुझ्या हातात दिली."

तो सीताफळाच्या बिया तळहातावर काढत म्हणाला, "वळखलं व्हतं की. अक्षर लई ग्वाड हाय तुमचं, कारकूनसाब. पण 'बेंत'वरला एक नुक्ता इसरला व्हता तुमी. हात कापत व्हता का?"

मी मान खाली घातली. कापत होता.