घाटावरची गोवरी

पाऊस सरला की नदीकाठचा आमचा जुना घाट गाळातून वर येतो आणि गावातल्या बायका तो धुऊन काढतात. गाळ निघतो, पण सहलीला आलेल्या एकाने भिंतीच्या दगडात कोरलेलं नाव निघत नाही. यमुनाकाकू दरवर्षी नेमकी त्याच नावावर गोवरी थापतात.

"दगडाला हात न्हाईत, मला हायत," त्या म्हणतात.

क्षमा नदीने करावी, तिला पुढे जायचं असतं. आम्हाला इथेच राहायचंय.

परवा तो माणूस पोरांना आपलं नाव दाखवायला आला.

"मावशी, ही गोवरी जरा काढता?"

"वली हाय. वाळल्यावर या."

तो गेला. काकूंनी गोवरीवर पाचही बोटं पुन्हा नीट उमटवली.